दुसरा आवाज

सात आठवड्यांपूर्वी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." त्याला ते दोनदा सांगावं लागलं. माझा डावा कान कैक वर्षांपासून नावालाच आहे, उजवाही आता त्याच्या वळणावर चाललाय. यशोधराअक्का, माझी थोरली बहीण, साऱ्या नांदूरघाटची 'बाई', गेली. लोक भेटायला आले, तिच्याबद्दल चांगलं बोलले, मीही मान डोलावली. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती पोटात ठेवून मला आता जेवण जात नाही.

अक्कानं आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, भानामती, उतारा, असलं काही कानावर पडलं की तिचं डोकं फिरायचं. वर्गात तिचा एक नियम होता : एकानं सांगितली ती गोष्ट, दोघांनी सांगितला तो पुरावा. कुणी पोरानं चिंचेवर भूत पाहिलं म्हटलं, की ती शांतपणे विचारायची, "सोबत कोण होतं?" बहुधा कुणीच नसायचं.

मागच्या वर्षी कर्करोगामुळे तिचा उजवा स्तन काढावा लागला. शस्त्रक्रिया नीट झाली, पण हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीला तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवायची, असा व्यायाम दिला होता. चार दिवसांत ती वैतागली. "जल्मभर पोरांना भितीकडं तोंड करून उभं केलं, त्याची फेड हाय ही," म्हणाली. आणि एक दिवस तिनं पेटीतून आजोबांचा कोरडा बाहेर काढला.

आमचे आजोबा पोतराज होते. कमरेला घुंगरं बांधून दारोदार फिरायचे आणि हा पिळाचा जाड चाबूक स्वतःच्या अंगावर ओढायचे. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी केस कापले, घुंगरं आणि देव्हारा नदीत सोडून दिला. कोरडा तेवढा आजीनं ठेवून घेतला, कारण दोर मजबूत होता. त्यानं तिनं पाळणा टांगला. अक्का आणि मी, दोघंही त्याच दोराच्या आधारानं झोपलेलो आहोत... "आज्यानं सोताला मारलं," अक्का म्हणाली, "मी हवेला मारते. हवेला काय लागतंय?"

माझं घर तिच्यापासून दोन दारांवर, आणि बायको गेल्यापासून मला संध्याकाळी दुसरं काम नव्हतं. मी तिच्या गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचो. तिनं कोरड्याच्या शेंड्याला साखरेच्या पोत्याची सुतळी बांधली. पहिले आठ दिवस दोर तिच्याच पायात गुंतायचा, एकदा तर वाळत घातलेल्या कुरडयांचा भुगा झाला. मी हसलो तर म्हणाली, "दात काढू नकोस, खुर्ची मागं घे." मग एकदा मनगट बरोबर वळलं आणि असा कडाका निघाला की खालच्या शेळ्या ताडकन उभ्या राहिल्या. अक्का खुदकन हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून दिवस मावळायच्या आधी रोज वीस फटके. घाई नाही. एक मारायची, डोळे मिटायची, आवाज पार विरेपर्यंत थांबायची, मग दुसरा. "डोकं धुऊन निघतंय बघ," म्हणायची. गल्लीतल्या एकीनं मला हळूच विचारलं, "बाई पुन्हा देवीकडं वळल्या का वो?" हे अक्काला सांगितलं तर त्या दिवशी तिनं पाच फटके जास्त मारले.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी फटका मारून ती माझ्याकडं वळली. "दुसरा आला का रे, मिलू?"

"कुठला दुसरा?"

"डोंगरावर आपटून माघारी येतोय की. न्हाई आला ऐकू?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण मला कुठं काय ऐकू येतं! तिनंच घेऊन दिलेलं कानाचं यंत्र मी लाजेपायी कपाटात टाकून दिलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर तो विषय निघून बोलणी बसली असती. म्हणून म्हणालो, "आला की." मग ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायचो.

पुढं पुढं तो आवाज जवळ यायला लागला. "आज माळावरून आला." मग, "आज चिंचेमागून." एकदा फटका मारून तिनं डोळे मिटलेच नाहीत. माझ्या खांद्यावरून जिन्याच्या दाराकडं बघत राहिली. "आता तुझ्या पाठीमागून आला," हळू म्हणाली. "आला का?" मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण जिभेला सवय झालेली. म्हणालो, "आला." तिचा चेहरा एकदम सैल पडला. मला वाटलं, बहिणीचं मन राखलं.

महिन्याभरात तिला झटका आला. शहरातल्या दवाखान्यात कळलं, आजार डोक्यात पोचलाय. शेवटचं भेटलो तेव्हा ती छताकडं बघत होती. हातात काही नव्हतं, तरी मनगट चादरीवर हलकेच वळलं. "आला का रे?" मी म्हणालो, "आला, अक्का." आमचं तेवढंच शेवटचं बोलणं...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाच्यानं तिची व्यायामाची वही माझ्या हातात दिली. हात किती वर गेला, फटके किती, सगळं शिक्षकी अक्षरात. मधल्या एका पानावर लिहिलं होतं : "डॉक्टरांनी फोनवर विचारलं, डोकं दुखतं का, भास होतात का. मी नाही म्हणाले. दुसरा आवाज येतो, पण तो मिलूलाही येतो." खाली लाल पेनानं रेघ.

तिचा पुरावा मी होतो. मी उठून शेजारच्या शेखचाचांकडं गेलो, विचारलं, कोरडा किती वेळा वाजायचा. "एकाला एकच, भाऊ. आमी तर रोज मोजायचो, वीस म्हंजे वीस." भाचा समजूत घालतो, डॉक्टर म्हणाले आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. फार नसता, पण थोडा? दोन महिने? एक दिवाळी? हे मी कुणाला विचारू?

परवा कपाटातून यंत्र काढलं, कानात घातलं आणि तिच्या गच्चीवर गेलो. कोरडा खिळ्याला तसाच टांगलेला. पहिले दोन फटके माझ्याच पोटरीवर बसले, तिसरा वाजला. तिच्यासारखे डोळे मिटले. आवाज माळावरून लांब गेला आणि विरला. शेळीचं ओरडणं, केजकडं जाणारी जीप, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी 'नाही आला' असं म्हणणार, इतक्यात खुर्चीच्या पाठीमागून, जिन्याच्या दाराकडून, दुसरा आला.

डोळे उघडले. समोर माझी खुर्ची रिकामी होती. अक्काला हे सांगितलं असतं तर तिनं आधी एकच विचारलं असतं. सोबत कोण होतं?

कुणीच नव्हतं, अक्का.