फिरते बाराशे

आमच्या घराचं बजेट मी सांभाळते. हे वाक्य मी माहेरी, सासरी, सोसायटीच्या हळदीकुंकवाला आणि एकदा तर पासपोर्टच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही ऐकवलेलं आहे. सांभाळते म्हणजे नेमकं काय करते, असं त्या बाईने विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. कुणी विचारत नाही, म्हणून माझं बरं चाललं होतं.

आम्ही नावड्याला राहतो. माझा नवरा आशुतोष तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत प्लांटवर आहे, म्हणून इथे फ्लॅट घेतला. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीचा वास येतो आणि अख्खी बिल्डिंग एकदम खिडक्या लावते. आशुतोष मात्र वासावरून कुठल्या कंपनीत काय चाललंय ते सांगत बसतो. त्याचा पगार हप्ता, किराणा, मेंटेनन्स आणि चिपळूणला सासूबाईंची औषधं यातच संपतो. त्यापुढचा विभाग माझा. मोबाइलमधल्या तक्त्यात त्याला मी ‘अभिरामची प्रगती’ असं नाव दिलं होतं. अभिराम आमचा मुलगा, वय वर्षं दहा.

ही प्रगती सध्या आमच्या बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवलेली आहे. तिथे एक स्केट्सची जोडी आहे. खारघरला क्लास होता, फीपेक्षा रिक्षा महाग पडायची. शिवाय अभिराम स्केट्स घालून भिंत धरून उभा राहायचा आणि क्लास संपला की भिंत सोडायचा. शेजारी कीबोर्ड आहे. त्यावर त्याने राष्ट्रगीताची पहिली ओळ बसवली होती, त्यामुळे तो वाजवायला बसला की आम्ही सगळे उभे राहायचो आणि लगेच बसायचो. बुद्धिबळाचा पट मात्र खाली आहे, कारण तो गरम कुकरखाली ठेवायला बरा पडतो.

माझी नोकरी महापेला होती. फोनवर लोकांच्या शिव्या ऐकून ‘आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व’ म्हणायचं काम. ती सोडली तेव्हा मी जाहीर केलं की आता मी स्वतःचं काहीतरी करणार. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं आहे. तेवढ्या भांडवलावर मी सुलेखन वर्ग काढला. कळंबोलीहून बोर्ड करून आणला, त्यावर ‘संचालिका : क्षिप्रा’ असं लिहून घेतलं. मे महिन्यात पाच मुलं आली. शाळा सुरू झाल्या तशी गळायला लागली. दिवाळीपर्यंत एक उरला, सातव्या मजल्यावरच्या गीतांजलीचा अश्विन. तरीही मी ‘मंगळवारी आणि शुक्रवारी माझी बॅच असते’ असंच म्हणत राहिले. एका मुलाला बॅच म्हणू नये असा काही कायदा नाही. फी बाराशे रुपये.

हे बाराशे म्हणजे माझी कमाई. ती टिकली तर मी संचालिका, गेली तर पुन्हा क्षमस्व. म्हणून अश्विनला मी फार जपत असे. तो आला की आधी गरम थालीपीठ, लोण्यासकट, मग चार रेघी वही. लोण्याचा खर्च मी तक्त्यात धरत नव्हते. प्रेमाने खाऊ घातलेलं धरायचं नसतं.

अश्विनची आई गीतांजली हीदेखील माझ्यासारखीच. नोकरी सोडून घरी कथक शिकवायची. तिच्याकडे भाविका यायची. भाविका ही तळमजल्यावरच्या संध्याची मुलगी. संध्या मूळची नावडे गावातली. त्यांच्या शेतावर आता आमची बिल्डिंग उभी आहे आणि बदल्यात त्यांना तिच्यात फ्लॅट मिळालेत. संध्या ब्लॅक बेल्ट आहे. ती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, कराटे शिकवते, आणि तिच्याकडे माझा अभिराम जायचा. तिघींचीही फी बाराशे, कारण गीतांजलीने ठेवली म्हणून मी ठेवली आणि मी ठेवली म्हणून संध्याने.

एका रविवारी दुपारी जेवताना मी आशुतोषला मोठ्या ऐटीत तक्ता दाखवला. माझी कमाई बाराशे, अभिरामचा कराटेचा खर्च बाराशे. मुलाचा खर्च त्याची आई स्वतःच्या जिवावर भागवते, असं मी म्हणाले. आशुतोषने तक्ता पाहिला, विचारलं, संध्याची मुलगी कुठे जाते. मग त्याने ताटांमधल्या तीन वाट्या उचलल्या, गोल मांडल्या आणि चटणीतला एक शेंगदाणा घेतला. ही गीतांजली, तिने तुला दिले, म्हणत शेंगदाणा दुसऱ्या वाटीत टाकला. तू संध्याला दिलेस. संध्याने गीतांजलीला दिले. शेंगदाणा फिरून पहिल्या वाटीत आला. आमच्या कूलिंग टॉवरचं पाणी असंच फिरतं, तो म्हणाला, फक्त आम्ही त्याला उत्पन्न म्हणत नाही.

मला राग आला. खरं बोलणाऱ्या नवऱ्याचा येतो तेवढाच, म्हणजे पुष्कळ. मी म्हटलं, फिरतंय ना, मग झालं तर. त्यातली एक जरी थांबली तरी तिघींची दुकानं बंद होतील. अभिरामने कराटे सोडलं तर संध्या भाविकाला काढेल, भाविका गेली तर गीतांजली अश्विनला काढेल, आणि अश्विन गेला की तुझी बायको परत रात्रपाळीला महापेला. त्या वेळी अभिराम समोर बसून वरणभात खात होता. तो नेहमी हळू खातो. त्या दिवशी जरा जास्तच हळू खात होता, हे मला नंतर आठवलं.

पुढच्याच आठवड्यात त्याचं पोट दुखायला लागलं. सोमवारी दुखायचं, बुधवारी राहायचं, गुरुवारी पुन्हा दुखायचं. सोमवार आणि गुरुवार कराटेचे. आता कुठल्याही शहाण्या आईला दोन आणि दोन चार दिसले असते. मला दिसला ओवा. मी ओवा दिला, हिंग लावला, शेवटी खारघरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, अभिरामला बाहेर बसवलं आणि मला विचारलं की याला कशाची भीती वाटते का. मी म्हटलं, छे, तो तर कराटे शिकतो. डॉक्टरांची फी आणि औषधं मिळून त्या महिन्याची ‘प्रगती’ तुटीत गेली.

मी त्याला विचारलं नाही असं नाही. विचारलं. पण कसं, तर, ‘तुला आवडतं ना रे कराटे?’ असं. यात ‘ना’ केवढा मोठा होता ते मला ऐकू आलं नाही. तो हो म्हणाला, पांढरा ड्रेस चढवला, आणि आईला मदत करायला किराणा आणायला निघावं तशा चेहऱ्याने लिफ्टमध्ये शिरला. खिडकीतून मी पाहायचे. बाकीची पोरं पोडियमवर ओरडत हातपाय झाडायची, हा शेवटच्या रांगेत उभा राहून समोरच्याला आधी विचारायचा आणि मग हळूच लाथ मारायचा. मला हसू यायचं. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

शुक्रवारी माझी बॅच आली, म्हणजे अश्विन. त्याने थालीपीठ खाल्लं आणि वहीवर डोकं टेकून बसला. ‘क्ष’ काढायला सांगितला तर त्याने जे काढलं ते एमआयडीसीच्या पाइपलाइनसारखं होतं. सहा महिने झाले, एक अक्षर सुधारलं नव्हतं. संचालिकेचा पारा चढला. मी म्हटलं, मनापासून लिहायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

ही अशी धमकी मी पाचही मुलांना देत आले होते. मुलं घाबरतात आणि पेन्सिल उचलतात. अश्विन मात्र रडायलाच लागला.

“नको काकू, मी येतो. मी नाही आलो तर शेंगदाणा थांबेल.”

मला आधी काहीच कळलं नाही. मग हातातला खोडरबर मी खाली ठेवला आणि विचारलं, कुठला शेंगदाणा. तो नाक पुसत सांगू लागला. अभिरामने त्याला आणि भाविकाला पार्किंगमध्ये तीन दगड मांडून सगळं समजावलं होतं. अभिरामला मारामारीची भीती वाटते, भाविकाच्या पायाला घुंगरू टोचतात, आणि अश्विनला लिहायचा कंटाळा येतो. पण कुणी पहिल्यांदा सोडलं की तिघांच्या आयांचे क्लास बंद होतील, म्हणून तिघांनी शपथ घेतली होती. सहावीपर्यंत कुणी सोडायचं नाही.

“अभिराम म्हणाला, माझी आई रात्री कामाला गेली तर मला झोप येणार नाही,” अश्विन म्हणाला, “म्हणून मी येतो.”

मी त्याला दुसरं थालीपीठ वाढलं. दुसरं काय करावं ते सुचेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. घराचं बजेट मी सांभाळते, असं मी पासपोर्टच्या रांगेत सांगत फिरत होते, आणि ते सांभाळत होता माझा दहा वर्षांचा मुलगा, पोटात दुखणं घेऊन, आठवड्यातून दोनदा. मला त्याचा इतका कळवळा आला आणि स्वतःचा इतका राग, की तव्यावरचं तिसरं थालीपीठ जळलं.

त्या संध्याकाळी मी गीतांजली आणि संध्याला पोडियमवरच्या बाकावर बोलावलं. फार तयारी करून गेले होते. अभिरामला कराटेतून काढते म्हटलं तर संध्याला अपमान वाटेल, म्हणून मी डॉक्टर, पोट, हवा, तळोज्याचा वास असं सगळं घोळवून सांगायला सुरुवात केली. संध्याने मला मध्येच थांबवलं.

“अगो, त्याला नाय आवडत, सरल सांग ना. गावाच्या मैदानात माज्याकडं चाळीस पोरां हायेत. तुज्या एका पोरानं मना काय फरक पडतोय? तुला वाईट वाटंल म्हनून मीच काय बोलली नाय.”

भाविकाबद्दलही तिचं तेच होतं. पोरीला नाच नकोच होता, पण गीतांजलीला कसं सांगायचं म्हणून ती दर महिन्याला बाराशे भरत होती. आणि गीतांजलीने कबूल केलं की अश्विनचं अक्षर सुधारेल अशी आशा तिने केव्हाच सोडली होती, पण माझा एकुलता एक विद्यार्थी काढून घ्यायला तिचं मन धजत नव्हतं. म्हणजे तिघी एकमेकींची मनं राखत होतो आणि त्याची फी पोरं भरत होती. मी दोघींना शेंगदाण्याची गोष्ट सांगितली. संध्याने पदराने डोळे पुसले आणि मग इतकी हसली की वॉचमन बघायला आला.

तिथल्या तिथे तिन्ही मुलं तिन्ही क्लासमधून सुटली. हिशेब केला तर एकीचाही रुपया बुडाला नव्हता. गीतांजलीने मान्य केलं की तसाही तिचा क्लास नावालाच उरला होता. माझ्या हॉलच्या भिंतीवरचा बोर्ड मात्र मला उतरवावा लागला. उतरवताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. संचालिका होणं मला आवडलं होतं.

निघताना संध्या म्हणाली की तिच्या कराटेच्या परीक्षेची सर्टिफिकेटं येतात, त्यांच्यावर नावं लिहायला ती पनवेलच्या एका माणसाला पैसे देते आणि तो चुकाही करतो. तुजा अक्षर चांगला हाय, तू लिही. दोन शाळाही तिच्या ओळखीच्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी हे कुणी सुचवलं असतं तर मी म्हटलं असतं, मी शिक्षिका आहे, नावं भरणारी कारकून नव्हे. या वेळी मी विचारलं, एका नावाचे किती. आशुतोषला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे बाहेरचं पाणी, हे उत्पन्न. मी त्याला एक वाटी फेकून मारणार होते, पण ती भरलेली होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मी सर्टिफिकेटांचा पहिला गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले होते. दर पहिलीला माझा फोन वाजायचा, गीतांजलीचे बाराशे आल्याचा. त्या दिवशी वाजला नाही. अभिराम दूध पीत पीत फोनकडेच बघत होता. त्या शुक्रवारनंतर त्याचं पोट दुखलं नव्हतं. ग्लास ठेवून तो आत गेला आणि कराटेचा पांढरा ड्रेस नीट घडी करून घेऊन आला.

“हा सोसायटीच्या ग्रुपवर टाक,” तो म्हणाला, “नवीनच आहे. मी त्यात फारसं काही केलं नाही.”

मी पेन खाली ठेवलं, त्याला जवळ ओढलं आणि म्हटलं की आजपासून पैशांची काळजी त्याने करायची नाही. ते आईबाबांचं काम. घराचं बजेट मी सांभाळणार, त्याने फक्त खाली जाऊन खेळायचं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या गठ्ठ्याकडे, मग भिंतीवर बोर्डाच्या खिळ्यांची दोन भोकं राहिली होती तिकडे.

“तुला जमेल?” त्याने विचारलं.

मी जमेल म्हणाले. त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही, पण खालून अश्विन आणि भाविका हाका मारत होते, म्हणून तो गेला.