मिक्सर कसा चालतोय

सुमननं आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर मिक्सर आणला. दुकानात नंबर तिनं स्वतःचा दिला. “ह्यांना बटणातलं काही कळत नाही,” म्हणाली. आठवड्यात ती गेली. मिक्सर खोक्यातच राहिला.

परवा तिच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. मिक्सरचा फोटो, खाली “सुमनताई, मिक्सर कसा चालतोय?” आणि दोन बटणं, ‘छान’ आणि ‘अडचण आहे’. असे मेसेज सगळ्यांना आपोआप जातात, तेवढं कळतं मला. तरी मी ‘अडचण आहे’ दाबलं. लगेच व्हिडिओत एका बाईचे हात भांडं बसवून दाखवू लागले. कोण कुठली बाई, माझ्या ओट्यापर्यंत पोचली. मी बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगदाण्याची चटणी केली. मीठ जास्त पडलं. मग सुमनच्या वतीनं ‘छान’ दाबलं.