पेटीबाई आणि पडद्यावरचे खून

खुनाचा प्रसंग आला की पेटीबाई डोळे मिटून घ्यायच्या. घाबरून नव्हे. "बघायचं काय त्यात? ऐकायचं असतं ते," असं म्हणायच्या, आणि पडद्यावरचा काळ्या हातमोज्यातला हात कुणाच्या तरी गळ्याशी पोचला, की आमच्या सोफ्यावर मांडी घालून खुशाल मान डोलवायच्या.

रोह्याच्या आमच्या शाळेत त्या गाणं शिकवत. प्रार्थनेला पेटी वाजवत, म्हणून पेटीबाई. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. त्यात भजनं शोधता शोधता त्यांना एक इटालियन धून सापडली. मागे काहीतरी किणकिणतंय आणि एक गायिका शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात गातेय. ती धून निघाली एका खुनाच्या सिनेमातली. झालं. साठी उलटलेल्या बाई इटालियन रहस्यपटांच्या नादी लागल्या.

या सिनेमांना तिकडे 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा. असल्या रहस्यकथांच्या स्वस्त पुस्तकांना पिवळी मुखपृष्ठं असत, त्यावरून. बाईंनी सुनेला सरळ सांगितलं, "रविवारी पेणला पिवळे पिक्चर बघायला जाते." संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मला फोन. "ताई, नक्की काय बघता तुम्ही दोघी?" त्याची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

मी लग्न होऊन पेणला आले. खाली नवऱ्याचा गणपतींचा कारखाना, वर आमचं घर आणि मोठा टीव्ही. त्या टीव्हीसाठी बाई दर रविवारी रोह्याहून एसटीने यायच्या. नागोठण्याला पाणी भरून गाडी अडकली तर फोन करायच्या, "माझ्याशिवाय खून करू नकोस गो." खाली रंगाचा कंप्रेसर चालू असला, तर जिन्यातूनच माझ्या नवऱ्याला हाक मारायच्या, "बंद कर रे बाबा तो. गाणारी सुरू होईल आता." तोही मुकाट्याने बंद करायचा.

जुने सिनेमे बघून संपल्यावर आम्ही नव्यांकडे वळलो. हल्ली देशोदेशीचे दिग्दर्शक त्या जुन्यांना मानवंदना म्हणून तसेच सिनेमे काढतात. तोच लाल-निळा उजेड, तेच हातमोजे, त्याच वळणाचं संगीत. बाई परीक्षक म्हणून भलत्याच कडक. "हा पोरगा जुन्यांचं श्राद्ध घालतोय. पान छान वाढलंय, पण भात कच्चा हाय." एखादा आवडलाच तर म्हणायच्या, "ह्याने मन लावून ऐकलंय हो." याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या एक वेगळीच तक्रार करू लागल्या. "हे नवे लोक बाकी सगळं करतात, पण गाणारीच घेत नाय गो. का?" मी चमकले. नेमकी त्याच वेळी टीव्हीतली गायिका उंच, स्वच्छ सुरात गात होती. खाली कंप्रेसर धडधडत होता. जवळच्या जोहे गावातून बिनरंगाच्या कच्च्या मूर्ती येऊन पडल्या होत्या, रंगकामाची घाई होती, म्हणून बाई हल्ली तो बंद करायला सांगत नाहीत, असं आम्ही नवराबायको कौतुकाने बोलत होतो. गाणारीच ऐकू येत नसेल, तर बंद करायला सांगतील कशाला?

पुढच्या रविवारी सांगू, असं मी स्वतःला बजावत राहिले आणि जीभ काही रेटेना. शेवटी नव्यांचं काय चुकतं ते मला दाखवायला बाईंनीच त्यांचा पाठ असलेला जुना सिनेमा लावायला लावला. "आता ऐक. ती पोर जिना उतरली की गाणारी सुरू होते." मुलगी जिना उतरली. गाणं सुरू झालं. बाई बोट वर धरून वाट बघत होत्या. बऱ्याच वेळाने बोट खाली आलं.

"आवाज वाढव," त्या म्हणाल्या. मी वाढवला.

"अजून."

टीव्हीचा आवाज त्याहून वाढत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आधी उंच सूर जातात, मग बाकीचे, आणि गेलेले परत येत नाहीत. कानाला यंत्र बसवलं. त्याने बोलणं कळतं, पण गाणं म्हणे पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजतं. म्हणून सिनेमा सुरू झाला की बाई यंत्र काढून पदराच्या टोकात बांधून ठेवतात. मला फार राग येतो, पण कुणावर काढायचा तेच कळत नाही.

परवाच्या रविवारी एक नवा सिनेमा लावला. "सुरू झाली की मला सांग," बाई म्हणाल्या. खून जवळ आला, गायिका सुरू झाली, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाईंनी डोळे मिटले आणि त्या स्वतःच गायला लागल्या. त्यांना आठवत होती ती जुनीच धून. पडद्यावरची वेगळी होती, पट्टी वेगळी होती, आणि बाईंचा सूर घसरत चालला होता. शाळेतल्या आम्हा सगळ्या मुलींचे गळे ज्यांनी सुरात आणले, त्यांचं ते गाणं माझ्याने ऐकवेना. मध्येच डोळे किलकिले करून त्यांनी विचारलं, "जुळतंय काय गो?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा डोळे मिटल्यावर मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पार बंद करून टाकला.