तुम्ही फक्त बसा

पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘तुम्ही फक्त बसा.’ भेटायला आलेल्यांचे कप विसळायला उठलो की शेजारी म्हणायचे, दूध आणायला निघालो की त्यांची सून म्हणायची, आणि मुलगी तर फोनवरूनही म्हणायची. पत्नीची पुस्तकं आवरायला म्हणून कपाट उघडलं, की मी खरंच बसायचो. पानापानाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवलेलं होतं. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकात रेघ ओढणारा माणूस मला गुन्हेगार वाटे, आणि घरातल्या या गुन्हेगाराशी मी आयुष्यभर भांडलो होतो.

वर्ष पुरं होत आलं. विधी करायचे नव्हते. ते तिलाच मान्य नव्हते. पण त्या दिवशी सांगलीच्या घरात, त्या खुर्चीत बसायचं नाही, कुठंतरी कुणाच्या तरी कामात असायचं, एवढं मी ठरवलं. प्रवासात सेवेची संधी शोधून देणारं एक संकेतस्थळ मुलीनं कळवलं. तिथल्या अर्जात ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात मी सवयीनं पत्नीचं नाव लिहिलं. संकेतस्थळानं ते बिनतक्रार स्वीकारलं आणि मला छत्रपती संभाजीनगरातले दोन पत्ते दिले.

औरंगपुऱ्यातल्या लॉजच्या मॅनेजरनं विचारलं, “वेरूळ का अजिंठा?”

“काम शोधायला आलोय.”

“या वयात?” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि न मागता रस्त्याकडची हवेशीर खोली दिली.

पहिला पत्ता वृद्धाश्रमाचा होता. तिथल्या व्यवस्थापकांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मग खिडकीजवळची एक खाट दाखवली. “सकाळचं ऊन लई छान येतं इथं.”

“मी राहायला नाही, मदत करायला आलोय.”

“पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात, दादा,” ते समजुतीनं म्हणाले. “मुलगा बाहेर गाडीत थांबलाय का?”

माझी पिशवी परत मिळवायला मला अर्धा तास लागला.

दुसरा पत्ता वैजापूरच्या रस्त्यावरच्या एका शाळेचा. फाटकी पुस्तकं शिवून देईन, असं मी आधीच कळवलं होतं. पोचलो तर फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव, त्याखाली ‘प्रमुख पाहुणे’. शाल आली, नारळ आला, दोन मुलींनी स्वागतगीत म्हटलं. सगळं झाल्यावर मी हळूच फाटक्या पुस्तकांची चौकशी केली. मुख्याध्यापक दुखावले. “सर, पाहुण्याला कामाला लावलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला? तुम्ही फक्त बसा.”

मी बसलो. भाषणं ऐकली. सुई आणि दोरा पिशवीतच राहिला.

लॉजवर परतलो तेव्हा मॅनेजरनं माझ्या हातात पाहिलं. “काका, लोकांना काम सुटताना नारळ मिळतो. तुम्हाला लागायच्या आधीच दिला व्हय?” वर्षभरात माझ्यासमोर कुणी विनोद केला नव्हता. मी हसलो, आणि मग त्याला सगळंच सांगितलं, पाच दिवसांवर आलेल्या तारखेसकट. त्यानं माझ्या हातातला नारळ काउंटरवर ठेवून घेतला. मग म्हणाला, “मुकुंदवाडीला आमच्या विहाराच्या वर अभ्यासिका हाय. माझी बहीण बघती. जा तिथं. ती कुणाला नुसतं बसू देत नाय.”

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं ते विहार. वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी माना खाली घालून बसलेली. बहीण माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट आलेली. “जयभीम. डोळे धड हायत ना? मग हे घ्या.” तिनं माझ्या हातात खोडरबर दिलं आणि पुढ्यात सराव प्रश्नसंचांचा गठ्ठा ठेवला.

अभ्यासिकेचा नियम असा, की संच फक्त पेन्सिलीनं सोडवायचे. परीक्षा झाली की उत्तरं पुसायची, म्हणजे पुढच्या मुलांना संच कोरे मिळतात. नोकरीत ज्यासाठी मी लोकांवर डोळे वटारले, ते इथं शिस्तीनं चाललं होतं, आणि पुसायला मी होतो. खुर्ची शोधली, तर बाई म्हणाली, “खुर्च्या अभ्यासाला बसतात त्यांना.” मी सतरंजीवर बसलो.

चार दिवस मी लोकांची उत्तरं पुसली. पाचवा दिवस तो होता. सकाळी आवरून खाटेच्या कडेवर टेकलो तो उठवेचना. पोचायला उशीर झाला. बाई दारातच उभी.

“काका, दहाला येतो म्हणले होते ना? पावणेअकरा झाले! पोरी दोनदा संच मागून गेल्या. मी काय सांगायचं त्यांना?”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणून संच कोरे होतात का? घ्या.”

मी घेतले. उशीर व्हायला आधी कुणीतरी वाट पाहावी लागते, हे मी विसरूनच गेलो होतो. खाली मान घालून पुसत राहिलो.

दुपारी एका पानाच्या कडेला उत्तर नसलेलं काही दिसलं. कुण्या पोरीनं स्वतःलाच बजावलं होतं: ‘इथं घाई केलीस. परत बघ.’ अक्षर तिरकं, घाईतलंच. मी खोडरबर टेकवलं आणि उचललं.

संध्याकाळी बाई संच तपासत होती. “काका, हे राहिलं की.”

“राहू द्या ते.”

“पुढच्याला अडचण नाय व्हणार?”

“नाही होणार.”

तिनं ते पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. आज कुठला दिवस आहे हे भावानं तिला सांगितलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

“बरं,” ती म्हणाली आणि पान उलटलं. “पण उत्तरं तेवढी नीट पुसा. हे बघा, चौदाव्याचं अजून दिसतंय.”