पाठीमागची उशी

सुरक्षेच्या चाचणीसाठी गाडी भिंतीवर आदळण्याआधी आतल्या पुतळ्याचा चेहरा, गळा रंगवायचा, हे तिचं काम. एअरबॅगवर रंग कुठे उमटला, त्यावरून तोंड कुठे आपटलं ते कळतं. म्हणून सगळे तिला 'पार्लरवाली' म्हणत, आणि बाईच्या मापाच्या बुटक्या पुतळ्याला 'वहिनी'.

"वहिनी नटल्या का?" साहेबांनी काचेआडून विचारलं.

"नटल्या. धाडा सासरी!"

भोंगा वाजला. छोटी गाडी सुसाट आली आणि धाडकन भिंतीत घुसली. बॉनेट कागदासारखं चुरगळलं, काचांचा सडा पडला, एअरबॅग बंदुकीच्या बारासारखी उडाली.

धुरळा बसला तेव्हा वहिनींची मान मागे लटकत होती. एअरबॅगवर चेहरा नव्हताच. हनुवटीचा आणि गळ्याचा तेवढा लालभडक फरांटा.

"ही एवढी पुढे कशी बसली?" साहेबांनी पुतळा ओढला. पाठीमागून ठिगळांची उशी घरंगळली. "कुणाची ही?"

तिचीच. सीटवर बसून तारा जोडताना ती पाठीशी घ्यायची. आज काढायची राहिली होती.

"अख्खी गाडी मातीत घातलीस! पिशवी फुगायच्या आतच हिच्या गळ्यात बसली. जिवंत बाई असती तर जागच्या जागी..."

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. आईनं अशा दोन उश्या शिवल्या होत्या. दुसरी आईच्या गाडीत, आईच्या पाठीशी. आणि आई आत्ता तिला न्यायला निघाली असणार. तिनं लावलेला फोन नुसता वाजत राहिला.

ती फाटकाशी धावली. आई आली, छाती स्टिअरिंगला चिकटवून. मुलीनं हिसका देऊन दार उघडलं, आईला दंडाला धरून बाहेर खेचलं आणि उशी कटरनं टराटरा फाडली.

"डोकं फिरलंय का तुझं?" आईनं सणसणीत कानाखाली ठेवून दिली.

"मार! अजून मार! पण या उशीनं तुझा गळा मोडला असता!"

"अगं, पाय पोचत नाहीत माझे, भवाने!"

"पेडलला ठोकळे बसवून घेऊ. तोवर मी चालवते."

"तू? परवा कुंपण कुणी पाडलं?"

"आई, बस तिकडे."

आई फणफणत बाजूला बसली. मुलीचे रंगानं माखलेले हात, आणि मागे चाचणीच्या उघड्या शेडमधला गाडीचा चेंदामेंदा, दोन्ही तिनं पाहिलं. मग मुलीच्या छातीपासून स्टिअरिंगपर्यंत आपली वीत लावली.

"मागे सरक, कार्टे," आई म्हणाली. "अजून."