लिफ्टजवळची जागा

मोजणीदारांनी तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे तंटे मिटवले. निवृत्तीनंतर घर घेतलं ते लिफ्टजवळच्या पार्किंगसाठी, कारण बायकोचे गुडघे गेले होते. एका सकाळी संकुल बांधणाऱ्या कंपनीने तिथे ‘पाहुण्यांसाठी’ असं रंगवून टाकलं. मोजणीदार खरेदीखत घेऊन मॅनेजरकडे गेले.

“काका, नववं कलम बघा. जागा वापरायला दिली होती, विकली नव्हती.”

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. खाली त्यांचीच सही होती. लोकांचे कागद भिंग लावून तपासणाऱ्याने स्वतःचा कागद न वाचताच सही ठोकली होती.

आता गाडी मागच्या फाटकापाशी लागते. तिथून बायको त्यांच्या खांद्याला धरून, दोनदा थांबत चालते.

“तुम्ही वाचलं नव्हतं का हो?” तिने एकदा विचारलं.

“वाचलं होतं. कलम त्यांनी मागाहून घुसडलं.”

तिने विश्वास ठेवला. ती शेजारणींपाशी कंपनीला शिव्या घालते, तेव्हा ते खाली मान घालून ऐकतात.