परड्यात बैल घातले त्या सालची भाजी

भादव्यात आमच्या परड्यात जेवढं पिकायचं तेवढं वर्षात पुन्हा कधी नाही. मागल्या दाराशी जेमतेम तीन गुंठ्यांचा तुकडा, भोवती जांभ्या दगडाचा गडगा. मांडवावर पडवळ, शिराळी, काकडी. खाली भेंडी, लाल माठ, चवळी. पाणी वाहून जातं त्या कडेला अळू, आणि गडग्यावर लाल भोपळ्याचा वेल. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या शेंड्याला दोरीनं दगड बांधतात. सगळेच बांधतात, पण केवढा दगड आणि कधी, ते हाताला कळावं लागतं. आमच्यासारखी सरळ पडवळं अख्ख्या वाडीत कुणाची नव्हती. हे मी आजही कुणाच्या तोंडावर सांगेन.

आमच्याकडे परडं कुदळीनं खणतात. भाताच्या मळ्यात नांगर, परड्यात कुदळ. त्याला कारण ऋषीपंचमीचं. गणपती येतो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया ऋषीचं व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या मेहनतीचा एक कण त्यांना चालत नाही. नांगरलेल्या जमिनीतला तांदूळ नाही, तळ्याच्या काठाला आपोआप उगवतं ते देवभात शिजवायचं. तेल नाही, कारण घाण्याला बैल असतो. भाजी हातानं खणलेल्या मातीतली. बाईच्या हातून वर्षभरात नकळत जो विटाळ घडतो त्याचा दोष या व्रतानं जातो, असं म्हणतात. मी दुसरी अर्धी शिकून शाळा सोडलेला माणूस. दोष जातो की राहतो ते मला ठाऊक नाही. परडं खणायचं काम माझं, एवढं ठाऊक.

सन तीसच्या अलीकडची पलीकडची गोष्ट असेल. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. बायको पहिलटकरीण, चैतात माहेरी गेली, दापोलीकडं. वैशाखात मुलगी झाल्याचा निरोप आला. पुढच्या आठ दिवसांत दुसरा निरोप आला, मुलगी गेली. बारसंही झालं नव्हतं. निरोप आणणारा माणूस ओटीवर बसून पाणी प्यायला, गूळ खाल्लान आणि वाटेला लागला. मी गोठ्यात जाऊन वैरण टाकली. आईनं तोंडाला पदर लावला. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, ते कळत होतं. पाय बधिर झाला की टाच दगडावर आपटली तरी ती दुसऱ्याची वाटते, तसं होतं.

जेठ लागला. परडं खणायची वेळ झाली. मी रोज सकाळी कुदळ घेऊन जायचो, गडग्यावर बसायचो आणि उन्हं चढली की उठून यायचो. अंगात दुखणं काही नव्हतं. हात उचलत नव्हते एवढंच. मग मिरग आला, मळ्यात नांगर सुरू झाले. एक दिवस मळ्यातून परत येताना मी गडग्याची दगडं काढली, वाट केली आणि जू तसंच ठेवून बैल परड्यात घातले.

आई मागल्या दारात उभी होती.

"अरे मेल्या, ऋषीचं परडं हाय ते!"

"असू दे."

"सून व्रत धरायची हाय आता. तिला काय सांगशील?"

"ती हाय कुठं इथं?"

आई आत गेली. दिवस मावळायच्या आत परडं झालं. कुदळीला आठ दिवस लागतात. मी बैल बाहेर काढले, दगडं होती तशी लावली. बी पेरलं, मांडव घातला. भाजीला बैल आणि कुदळ सारखीच. उगवायची ती उगवली.

बायको आषाढात आली. वाळली होती. मुलीबद्दल मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. फक्त एकदा चुलीशी आईला म्हणाली ते मी ऐकलं. "आत्या, माझ्याच हातून कायतरी विटाळ झाला. त्याबिगर असं होयाचं नाय. औंदा ऋषी कडक धरीन. एक कण इकडचा तिकडं होऊ देनार नाय." तिचा सगळा भरवसा त्या एका दिवसावर होता. ते मला तेव्हा कळलं. आई चुलीत फुंकर घालत राहिली. बैल घातले हे सांगायचं काम माझं होतं, आईचं नाही. मी पडवळांना दगड बांधायला गेलो.

चवथीच्या दिवशी मोदकांच्या खाली घालायला हळदीची पानं लागतात. आमची हळद परड्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात, बायकोनंच लग्नाच्या साली लावलेली. ती पानं काढायला गेली ती बराच वेळ आली नाही. मी दारातून हाक मारली तेव्हा ती भेंडीच्या मधे उभी होती. त्या साली हळद कोपरा सोडून आत आली होती. भेंडीतून, माठातून एका रांगेत पार दुसऱ्या गडग्यापर्यंत.

मी म्हटलं, "हळद माजलीय औंदा."

"व्हय," ती म्हणाली, आणि पानं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळीच मी भाजी काढली. पडवळाचा देठ पिळायचा नाही, कोयत्यानं एका घावात तोडायचा. भेंडी बोटाएवढीच घ्यायची, मोठी झाली की चामडं. अळू देठासकट, माठ मुळासकट. टोपली भरली. पडवळ तिच्यावर आडवं ठेवलं तर दोन्हीकडं हातभर बाहेर आलं. मागल्या दारी बायको भाजी निवडायला बसली होती, आणि शेजारीण रिकामी टोपली घेऊन आली. तोंडाळ बाई, पण मनानं बरी.

"गो, मला भाजी दे थोडी. आमच्या घोवानं परड्यात बैल घातलेन. म्हनतो, पाठ मोडली. रातच्याला पत्ते कुटताना बरी नाय मोडत!"

आई देवभात पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

शेजारीण माझ्याकडं वळली. "भावोजी, तुमी तरी हातानं खणलात ना? का तुमचीबी पाठ मोडली?"

मी हसलो. "आमच्या पाठी मोडत नाहीत. आमच्या घरात परडं कुदळीनंच होतं. बापाच्या वेळेपासनं."

बायकोनं हातातली भेंडी खाली ठेवली. मान वर करून माझ्याकडं बघितलं. एरवी दुसऱ्याच्या देखत ती मला असं सरळ विचारीत नसे.

"ओ, बैल नाय ना घातलात?"

"नाय," मी म्हटलं.

एकदा नाय म्हटल्यावर पुढलं सोपं असतं. मी शेजारणीच्या टोपलीत चांगली दोन पडवळं घातली, अळूची जुडी घातली, भेंडी घातली. "घे, तुझ्या घोवाला दाखव सरळ पडवळ कसं असतं ते." ती हसत हसत गेली. आईचं सूप पुन्हा सुरू झालं.

भाजी नव्या मडक्यात शिजली. खोबरं, हिरव्या मिरच्या, आंबटाला दोन अंबाडे आणि मीठ. फोडणी नाही. वास मात्र घरभर. त्या दिवशी पुरुषांचं जेवण निराळं असतं, मी ओटीवर बसून दार उघडं होतं म्हणून बघत होतो. आईनं पानावर नुसतं देवभात घेतलं आणि वर दही.

"आत्या, भाजी?"

"नको बाय. दात दुखतायत."

बायकोनं आपल्या पानावर भाजी घेतली. खाल्ली. संपल्यावर पुन्हा घेतली, तीही खाल्ली, पान पुसून. मी गणपतीपुढल्या समईत तेल आहे का ते बघायला उठलो.

दोन वर्षांनी मुलगा झाला, जगला. शेजारीण पेढा खाताना म्हणाली, "ऋषी पावले गो तुला. त्या सालच्या भाजीचा गुण." बायको म्हणाली, "असंल." आई तोवर गेली होती. ती मरेपर्यंत त्या भाजीबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

मी परडं पुढं दरसाल कुदळीनं खणलं. एकदा पायात काटा मोडून पाय सुजला होता, तरी बसून खणलं. कुणी सांगितलं नव्हतं. दर भादव्यात मी टोपली आणून तिच्यापुढं ठेवायचो आणि थोडा वेळ उभा राहायचो. वाटायचं, औंदा विचारील, मग मी मोठ्यानं नाय म्हणेन आणि ते खरं असेल. तिनं एकदाही विचारलं नाही. टोपली घ्यायची, भाजी निवडायची.

सात वर्षं झाली तेव्हा तिनं व्रताचं उद्यापन केलं. बाया जेवून गेल्या. ती मागल्या दारी भांडी घासत होती, मी सुपारी कातरत होतो. मुलगा काकडी खात मांडवाखाली बसला होता. त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "कुदळीनं खणलं तर हळद जागची हलत नाय."

मी सुपारी कातरायचा थांबलो.

"फाळानं गड्डे वढून नेलेन. जिथं जिथं फाळ गेला तिथं तिथं हळद उगवली त्या साली. मी चवथीलाच बघितलं."

"मग विचारलंस कशाला?"

"सांगाल म्हनून."

"नि खाल्लीस कशाला?"

तिनं तांब्या उपडा घातला. "तुमी शेजारनीच्या देखत नाय म्हनालात. तिच्या टोपलीतबी घातलीत. मी पान सारलं असतं तर तिला कळलं असतं, वाडीला कळलं असतं. मग तुमी तोंड कुठं दाखवलं असतंत? म्हटलं, एक दोष हाय तिथं दोन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो, मला ते येतं. चुकलो असं मात्र मी म्हटलं नाही. शब्द होता, तोंडापर्यंत आला नाही. सुपारीची फोड तोंडात टाकली, तिला चव नव्हती.

"ते गड्डे मी त्याच साली काढून परत कोपऱ्यात लावले," ती म्हणाली. "आता व्रत संपलं. पुढल्या साली बैल घातलेत तरी चालतील. कोपरा तेवढा राखा."

पुढल्या जेठात मी कुदळच घेतली. पहिल्या दिवशी तो कोपरा चारी बाजूंनी हातभर सोडला आणि मग बाकीचं खणायला लागलो. ती मागल्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं की नाही, ते मी वळून पाहिलं नाही.